केल्सीच्या रात्री

"मोजा बाई, मोजा! एक जरी खोटी खूण सापडली तर नाव बदलीन," असं म्हणत रोक्झॅनने घरून आणलेलं फ्रिजवरचं कॅलेंडर टेबलावर आपटलं. कॉफीचा कप कलंडला नाही, हे नशीब.

समोर तिचा घटस्फोटित नवरा ड्वेन हाताची घडी घालून बसला होता. अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या वाचनालयाच्या या तळघरात स्वोबोडाबाई लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देत. या दोघांनाही त्यांनीच शाळेत गणित शिकवलं होतं आणि दोघांचंही गणित कच्चंच राहिलं होतं.

दोघांची मुलगी एकच, केल्सी. वय सोळा. कराच्या फॉर्मवर सवलतीसाठी तिचं नाव एकालाच लावता येतं, ज्याच्या घरी ती वर्षभरात जास्त रात्री झोपली त्याला. चार वर्षं ते ड्वेनच लावत आला होता. यंदा रोक्झॅन पदर खोचून उतरली होती.

"कराच्या परताव्याच्या पैशांसाठी एवढा जीव काढतेस?" ड्वेन म्हणाला.

"पैसे गेले खड्ड्यात. पोरगी माझ्या घरची आहे, हे एकदा सरकारी कागदावर येऊ दे."

"तू तर तिला सोडायला माझ्या दारापर्यंतही येत नाहीस."

"लायसन्स मिळालंय तिला. बॅग भरते, 'येते मॉम' म्हणते आणि गाडी काढते. तुझं तोंड बघावं लागत नाही, एवढंच सुख."

"मलाही तेच सुख आहे. निरोपसुद्धा तीच आणते."

"भांडणं बाहेर," बाईंनी पेन्सिल टेबलावर ठोकली. "ती घरी नसताना केलेली खूण आहे का यात?"

"छे! उशीवर डोकं दिसलं तरच खूण."

"माझंही तसंच," ड्वेनने फोन पुढे सरकवला. त्याच्या खुणा फोनमध्ये होत्या.

बाई महिन्यामागून महिना उलटू लागल्या. रोक्झॅन त्यांच्या बोटामागून नजर फिरवत होती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात तिच्या खुणा सलग होत्या, ते बघून तिला हायसं वाटलं. पण उन्हाळ्याची पानं मोकळी मोकळी दिसत होती.

"रोक्झॅन, एकशे सेहेचाळीस."

रोक्झॅनने मान पुढे काढून आकडा पाहिला. एवढ्याच? ड्वेन मिशीतल्या मिशीत हसून खुर्चीत मागे रेलला.

"दरवर्षी हरतेस, तरी हौस फिटत नाही तुझी."

"आधी तुझ्या मोजू देत!"

बाईंनी ड्वेनचा फोन हातात घेतला. त्यांचं बोट पडद्यावर सरकत राहिलं. रोक्झॅनला आता तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

"ड्वेन, एकशे एक्केचाळीस."

मग रोक्झॅन खुर्चीवरून उडालीच.

"पाच! पाच रात्रींनी जिंकले!" तिने शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली, त्याचा डोनट खाली पडला. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "माझी पोर! माझ्याच घरची आहे ती!"

"पुन्हा मोजा," ड्वेन पडेल आवाजात म्हणाला. "माझ्याकडेच जास्त असते ती. असायलाच हवी."

"रड आता! मोजा बाई, दहादा मोजा!"

बाई मोजत नव्हत्या. कागदाच्या कोपऱ्यात त्या एक बेरीज करत होत्या. ती त्यांनी दोनदा केली. मग चष्मा काढला.

"वर्षात रात्री किती असतात, आठवतंय का कुणाला?"

"तीनशे पासष्ट!" रोक्झॅन शाळकरी पोरीसारखी ओरडली. अजून ती हसतच होती.

"तुमच्या दोघांच्या मिळून होतात दोनशे सत्त्याऐंशी," बाई हळूच म्हणाल्या. "उरलेल्या अठ्ठ्याहत्तर रात्री पोरगी कुणाकडे होती?"

दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.