मशीनची जाळी

मंचरजवळच्या एका वेफर्सच्या कारखान्यात पोपट सात वर्षं बटाट्याचे काप करणारं मशीन चालवत होता. पात्यांवर बसवायची लोखंडी जाळी पहिल्या दिवसापासून कपाटातच पडून होती. बटाटा अडकला की दर वेळी चार नट खोलत कोण बसणार? तरी सात वर्षांत पोपटच्या हाताला साधा ओरखडा नव्हता. "लई हात बसलाय राव माझा," असं तो नव्या कामगारांना ऐटीत सांगायचा.

त्या सकाळी मॅनेजर धावतच शेडमध्ये आला. औद्योगिक सुरक्षा खात्याचे साहेब अकरा वाजता तपासणीला येणार होते. मग एकच धांदल उडाली. हेल्मेटं बाहेर निघाली, प्रथमोपचाराच्या पेटीत नवा कापूस आला, 'सुरक्षा प्रथम'च्या पाटीवरची धूळ पुसली गेली. पुण्याची गाडी भरायची होती, म्हणून मशीन तेवढं कुणी थांबवलं नाही.

साहेबांची गाडी फाटकातून आत शिरली, तेव्हा दोन बाया पोपटला धरून दवाखान्यात न्यायला टेम्पोत बसवत होत्या. हाताला गुंडाळलेला नवाकोरा कापूस लालभडक झाला होता.

साहेब मॅनेजरवर कडाडले, "मशीनला जाळी नव्हती का?"

उत्तर टेम्पोतून पोपटनं दिलं.


"व्हती ना, साहेब. तुमी येणार म्हणून तीच बसवत व्हतो."