निवडुंगाचा निरोप

"मावशी, निघताना तुम्ही त्याला काय म्हणालात?"

कोंडाबाईंनी पदराने घाम टिपला. निवृत्त होऊन आठवडा होत नाही तोच त्यांना दुखऱ्या गुडघ्यांनिशी वाळवंट झालेल्या माणदेशात परत बोलावलं होतं. समोर त्यांनी उभा जन्म राखलेला महानिवडुंग उभा होता. तीन मजले उंच, शेंड्यावर पांढरी फुलं. पण अंग आत ओढलं गेलं होतं. तो सुकत होता.

"काय म्हणणार? येते म्हणाले."

तंत्रज्ञ ऋजुताने कपाळाला हात लावला. चोरांच्या बोलण्याला भुलू नयेत म्हणून या झाडांना फक्त आपापल्या राखणदाराची भाषा शिकवली होती. राखणदार परत येणार असेल तोवर ती रंध्रं उघडी ठेवत, तो कायमचा गेला की मिटून घेत.

"येते म्हणालात म्हणून तो तुमची वाट बघतोय, मावशी. भर उन्हात रंध्रं उघडी टाकून. सगळं पाणी उडून चाललंय. त्याला जाते म्हणा."

"असं अभद्र कोण बोलतं गं? मी काय मरायला निघालेय?"

"दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही."

कोंडाबाई बराच वेळ त्याच्या सावलीत बसून राहिल्या. मग काट्यांच्या मधे अलगद बोट टेकवून म्हणाल्या, "जाते रे बाबा. वाट नको बघू."

ऋजुताच्या हातातल्या पडद्यावर रंध्रं हळूहळू मिटत गेली.

"वाचला," ती म्हणाली.

कोंडाबाई निघाल्या. फाटकापाशी मात्र थांबल्या, ऋजुताला खाली वाकवलं आणि झाडाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिच्या कानात पुटपुटल्या, "येते गं."