बिनबोलावलेले पाहुणे

"ट्रकच्या स्टेपनीत हेरॉइन होतं, हे आम्ही नाकारतच नाही," वकील म्हणाला. "राडिसावला ते माहीत होतं का, एवढाच प्रश्न आहे."

सर्बियातल्या निश शहरात, अपील न्यायालयात ल्युबिंका साक्षीला उभी होती. तिचा नवरा राडिसाव दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. खालच्या कोर्टाने त्याला आठ वर्षं ठोठावली होती. मागच्या बाकावर वितोमिर होता, त्यांच्या लग्नातला साक्षीदार आणि मुलांचा धर्मपिता. हा वकील त्यानेच शोधून आणला होता.

"नवरा बल्गेरियाच्या सीमेवर पकडला गेला, त्या संध्याकाळी घरी काय होतं?"

"आमच्या घराण्याच्या संताचा सण. संत निकोला. ट्रक अंगणात लावून हे थेट मेणबत्ती पेटवायला येणार होते."

"आमंत्रणं कुणाकुणाला होती?" सरकारी वकिलाने मध्येच विचारलं.

"तुमच्याकडे या सणाला बोलवावं लागतं का, साहेब? आमच्याकडे लोक आपणहून येतात."

बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनीही ओठ दाबले.

"मग आले?" राडिसावच्या वकिलाने पुढे विचारलं.

"अख्खी गल्ली आली. एक खुर्ची सोडली, तर बसायला जागा उरली नाही. माशाचं कालवण तीनदा गरम केलं. कर्ता घरी नाही, तर मेणबत्ती कोण पेटवणार? पोलिसांचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर कुणालाच काही ठाऊक नव्हतं."

वकील न्यायाधीशबाईंकडे वळला. "असलं चाक घेऊन कुणी जाणूनबुजून भरल्या अंगणात शिरेल?"

ल्युबिंकाने कठडा घट्ट धरला.

दुपारी निकाल आला. माल त्याच्या ताब्यात होता, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध झालं नाही. सुटका.

घर पुन्हा भरलं, याही वेळी कुणाला न बोलावता. जपून ठेवलेली मेणबत्ती राडिसावने पेटवली. कुणीतरी गाणं धरलं. वितोमिरने तिसरा पेला रिचवला आणि ताट पुढे केलं.

"वाढा, वहिनी. गेल्या सणाचं राहिलंय माझं."

"तुमच्यामुळेच राहिलं," ल्युबिंका हसत म्हणाली. "लग्नापासून पहिल्यांदाच तुमची खुर्ची रिकामी. किती वाट पाहिली आम्ही."

वितोमिरने डोळे पुसले.

"कसा येणार, वहिनी? त्या संध्याकाळी माझा राडिसाव तिकडे कोठडीत, आणि मी इथे बसून मासे खाऊ?"