दुसरं डुबुक

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या अजराचे अब्बा, म्हणजे आमचे हे, कल्हईवाले. मरळ मासा धरायला गांडूळ लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पितळी चमच्याचा तुकडा कापायचा, त्याला कल्हई करायची, गळ जोडायचा आणि कयाधू नदीच्या खडकावरून डोहात फेकायचा. चमक दिसली की मरळ झेप घेते.

त्या दुपारी जावई जेवायला येणार होते. मी टोपली घेऊन मागं बसले. ह्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तुकडा पाण्यात पडला, डुबुक. लगेच पलीकडच्या काठाशी दुसरं डुबुक. तिथं तर कोणीच नव्हतं.

"मासा उडाला असंल," हे म्हणाले.

"दर बारीला?"

"मग तूच इचार त्याला, काहून उडतो म्हून."

दुसरं डुबुक दर खेपेला थोडं अलीकडं येत होतं. शेवटी ते ह्यांच्या पायाशीच वाजलं.

पाण्यात काहीतरी झळकलं. हे वाकून बघू लागले. "काय कल्हई हाय! माझ्या हातून अशी कधी झाली न्हाई. कोनाची असंल?"

"कोनाची का असंना, तुमी मागं सरका."

त्यांनी हात घातला. झळक वीतभर आत सरकली. ते एक पाऊल उतरले, ती पुन्हा सरकली. पाणी कमरेला लागलं तशी मी धावले आणि दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला.

"थांबलो ना गं," ते हसून म्हणाले.

खरंच थांबले होते. सदरा मात्र पाण्याकडं ताणतच चालला होता.