लगामाचा पेपर

वांगणीला मायाआत्या एकामागे एक दोन घोडे जुंपून पाहुण्यांना फिरवायची, आणि ती गाडी एकदा तरी आपण हाकायचीच, हे सांचीनं पक्कं ठरवलं होतं. "आधी साज तपासायला शीक, मग लगाम," आत्या म्हणायची. म्हणून दर रविवारी सांची बदलापूरहून येऊन पट्टा न् पट्टा चाचपायची, आणि हमखास काहीतरी सापडायचंच. कधी पोटाखालचा पट्टा ढिला, कधी बकल अर्धवट लागलेलं. "शाबास गं," म्हणत आत्या ते नीट करायची.

आज तर सांचीनं टाळीच पिटली. "आत्या, पकडलं! पुढच्या लालीचा लगाम मागच्या बादशाच्या पाठीवरच्या कडीतून घातलाच नाहीस, बाजूला लोंबतोय बघ. बादशाच्या पायात गेला असता ना, तर आपण सगळे तोंडावर! काय डेंजर पेपर काढलास गं!"

"पेपर?"

"मग? दर वेळी मुद्दाम एक चूक ठेवतेस ना माझ्यासाठी? आज तरी पास कर की!"

आत्या बादशाच्या पाठीवरून हात फिरवत कडीपर्यंत पोचली. बोटांनी कडी चाचपून तिनं लगाम त्यातून ओवला. मग सांचीला गाडीवर बसवून दोन्ही लगाम तिच्या हातात दिले आणि स्वतः शेजारच्या जागेवर ऐसपैस टेकून बसली.

"मी कधीच काही मुद्दाम चुकवलं नाही, सांचू. मला आताशा ते नीट दिसतच नाही. चल, हाक."