एकेक कण

लेकीने बनवलेल्या नखाएवढ्या चिपमधून प्रकाशाचा एकेक कण मोजायचा होता, पण यंत्र महिनाभर भलतेच आकडे दाखवत होतं. आज जमलं नाही तर प्रकल्प गुंडाळणार होते. मी तिचा जेवणाचा डबा प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला आणि ती आतच आहे हे विसरून दिवा बंद करून निघालो.

"बाबा!"

घाबरून वळलो, तर ती अंधारात नाचत होती. आकडे बरोबर आले होते. खोलीतला उजेडच चिपच्या पेटीत फटीतून शिरत होता.

"तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचतंय कसलं! खोलीतून निघताना दिवा बंद करायचा, ही तुझ्या आईची शिस्त."

लेक हसत सुटली. "पण त्यावरून तर तुमचं रोज वाजायचं!"

"वाजायचं. ती गेल्यापासून मुकाट ऐकतो."