शोकेसमधली क्वार्ट्झ

"सर, मायक्रोस्कोप अतिनील किरणांचा, मंग स्लाइड काऊन साध्या काचेच्या?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून बारावीतल्या मोहिनीनं भर प्रॅक्टिकलमध्ये विचारूनच टाकलं.

"म्हणून तं स्क्रीनवर अंधार आहे ना बाप्पा! साधी काच ते किरण अडवते," सर कौतुकानं म्हणाले. "क्वार्ट्झमधून ते आरपार जातात. क्वार्ट्झच्या स्लाइड अन् कव्हरस्लिप हायेत आपल्यापाशी, थ्या पाहा, शोकेसमध्ये. पाहुणे आले की दाखवतो. इतकी भारी वस्तू कोणी वापरते का?"

संध्याकाळी अल्लीपुरातल्या तिच्या घरी पाहुणे आले. बाबांनी लगबगीनं शोकेस उघडली आणि मोहिनीची विज्ञान प्रदर्शनातली ढाल त्यांच्या हातात दिली. "आमची पोरगी जिल्ह्यात पहिली आली!"

"वा! मंग आता नागपूरले पाठवून राह्यले का शिकायले?"

"छे हो!" बाबा हसले. "इतकी हुशार पोरगी कोणी घराबाहेर काढते का?" आईनंही मान डोलावली.

मोहिनीनं पाहुण्यांच्या हातातली ढाल घेतली, ओढणीच्या पदरानं पुसली आणि जागेवर ठेवून शोकेस बंद केली.




"आई, बाबा, शोकेसमध्ये ढाल राहू द्या. मी नागपूरले चालली."